उडी मारणारं गाणं

चष्मेवाल्यांच्या नाकावर माशी बसायची सोय नव्हती. माणूस वाईट नाही हो. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलताना "आता बरं की मघाशी?" असं इतक्या मायेनं विचारायचे, की ते ऐकायला म्हणून लोक उगाच गोंधळल्यासारखं करायचे. पण घरात एकदा शब्द तोंडातून गेला की गेला. मुलगी ठकी नजर तपासायचं शिकून आली आणि बापाच्या दुकानात बसायचं सोडून तिनं लांबच्या शहरात नोकरी धरली, तेव्हा ते म्हणाले होते, "जातेस तर जा. मी तुझ्या दारात पाऊल टाकणार नाही."

पोरगी कुणाची? त्यांचीच. तिनं तो शब्द धरून ठेवला. चार वर्षं तिचा फोन यायचा तो आईच्या फोनवर. चष्मेवाले पलीकडे पेपर उघडून बसायचे, जिवाचा कान करून. पान काही उलटायचं नाही. बायकोला ते दिसायचं, म्हणून ती पोरीचं प्रत्येक वाक्य मोठ्यानं परत म्हणायची.

एकदा असाच फोन झाला आणि बायकोनं सांगितलं, की ठकीला घरच्या सीडींमधली गाणी हवीत. रविवारची. रविवारी दुकान बंद असायचं, तेव्हा चष्मेवाले गाणी लावून फरशी पुसायचे आणि ठकी ओल्या फरशीवर नाचून त्यांचं काम वाढवायची, ती गाणी.

चष्मेवाले "बघू" म्हणाले आणि जेवायचं ताट तसंच ठेवून माळ्यावर चढले. इतक्या वर्षांत पोरीनं काही मागितलं होतं. त्यात खोट राहून चालणार नव्हतं.

घोडं अडलं ते गाणी कशात साठवायची इथं. शेजारच्या फोटोवाल्याकडे कॉम्प्युटर होता, आणि मतं त्याहून जास्त. एमपीथ्री करून टाका, असं त्याचं म्हणणं. फाइल इवलीशी होते, चटकन जाते. मग मोठीची इवलीशी करताना टाकून काय देतात, असं यांनी विचारलं. कानाला तसंही ऐकू येत नाही ते, असं तो म्हणाला. झालं! चष्मेवाले भडकले. समोरच्याला काय दिसतं आणि काय नाही हे कळायला आपल्याला त्याला खुर्चीत बसवून किती घासाघीस करावी लागते, आणि ही कोण माणसं माझ्या पोरीला काय ऐकू येतं ते परस्पर ठरवणार?

फ्लॅक नावाचा दुसरा प्रकार होता. त्यात फाइल अवजड, पण डिस्कवरचं काही म्हणजे काही जात नाही. तरी त्यांनी परीक्षा घेतलीच. डोळे मिटून बसले आणि फोटोवाल्याला दोन्ही आलटून पालटून लावायला सांगितलं. त्यांच्याच सुरात "आता बरं की मघाशी?" विचारताना फोटोवाल्याला कोण आनंद होत होता. खरं सांगायचं तर त्यांना फरक कळला नाही. अंदाजानं "मघाशी" म्हणाले. मघाशी फ्लॅकच होतं, म्हणून स्वतःची पाठ थोपटून घेतली.

मग भिंगं पुसायच्या मऊ फडक्यानं एकेक डिस्क पुसून कॉम्प्युटरला घातली. एक डिस्क फार ओरखडलेली होती. कॉम्प्युटर तिच्यावर अडून बसला, मागे जाऊन जाऊन वाचत राहिला, पण शेवटी अख्खं गाणं निघालं, अगदी कोरं करकरीत. सगळं बायकोच्या फोनवरून पोरीला गेलं.

उत्तर आलं तेही आईलाच. छान आहेत, पण ती गाणी ही नाहीत.

चष्मेवाल्यांना शब्द लागला. ही नाहीत म्हणजे काय? त्याच रागात त्यांनी जुना प्लेअर काढला, धूळ झटकली आणि बायकोला साक्षीला उभं करून ती ओरखडलेली डिस्क लावली. गाणं सुरू झालं. पहिलं कडवं झालं, दुसऱ्याच्या मध्यावर आलं, अडखळलं आणि टुणकन शेवटच्या ओळीवर गेलं. चष्मेवाल्यांचे दोन्ही हात आपोआप पुढे झाले होते. हातांत काही नव्हतं.

ठकीनं लहानपणी त्या डिस्कचं बाहुलीसाठी ताट केलं होतं आणि फरशीवरून सरकवून सरकवून वाढलं होतं. तेव्हा ते केवढे ओरडले होते. पण गाणं लावल्यावर पोरगी म्हणाली, बाबा, गाण्यानं उडी मारली. तेव्हापासून त्या जागेवर तिनं हात पुढे करायचे, यांनी धरायचे आणि तिला फरशीवरून उचलायचं. अख्खं गाणं त्या घरात कुणाला माहीतच नव्हतं. त्यांनी पोरीला तेच पाठवलं होतं.

आता कुठला फॉरमॅट, असं फोटोवाल्याला विचारायचं कारण उरलं नाही. उडी मारत होता तो हा म्हातारा प्लेअर. चष्मेवाल्यांनी स्वतःचा फोन त्याच्यासमोर धरला आणि गाणं पुन्हा लावलं. बायकोच्या बादलीचा आवाज आला, येऊ दिला. निघाली ती इवलीशी, खरखरीत फाइल. ठकीचा नंबर त्यांच्या फोनमध्ये होता, कधी लावला नव्हता. त्यावर ती पाठवली आणि खाली लिहिलं, "आता बरं की मघाशी?"

पोरीची त्यांना फार आठवण येत होती. तेवढं मात्र लिहिता आलं नाही.

उत्तर दुसऱ्या दिवशी दुकानात आलं. समोर एक बाई नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवून अक्षरं वाचत बसल्या होत्या. चष्मेवाल्यांनी फोन लांब धरून वाचलं. "आता. पण बाबा, उडीच्या वेळी हात धरायला इथं कुणी नाही."

बाईंना त्या फ्रेमसकट तसंच बसवून ते दाराशी गेले आणि नंबर लावला. पलीकडे फोन उचलला गेला.

"ठके," ते म्हणाले, "मी कधी येऊ?"