घराआधी आलेली पाटी

मी पाटी बोलतेय. शाळेतली नव्हे हं! पत्र्याची, निळ्या रंगाची, 'घर भाड्याने देणे आहे' असं ठळक अक्षरांत लिहिलेली. रंगाऱ्यानं अगदी मन लावून मला रंगवलं होतं. गंमत अशी, की मी तयार झाले तेव्हा भाड्याने द्यायला घरच नव्हतं.

माझे मालक शाळेची बस चालवतात. स्वभावाने भारी उतावळे. गल्लीच्या टोकाला, औषधाच्या दुकानावरचं दोन खोल्यांचं घर विकायला निघालंय एवढं कळलं मात्र, ते आधी मलाच करून घेऊन आले. मालकीणबाई शिलाई मशीनवर बसल्या होत्या. त्यांनी कपाळावर हात मारला.

"अहो, घर कुठंय? पैसे कुठंयत?"

मग पैशांच्या सोयीवर त्या मशीनशेजारीच बरेच दिवस खल चालला. मी भिंतीला टेकून ऐकत होते. बँक नवं घर तारण ठेवून कर्ज देणार होती, पण किमतीच्या काही भागापुरतंच. उरलेले पैसे आपले आपण घालायचे. एक फायनान्स कंपनी सगळेच पैसे द्यायला एका पायावर तयार होती. मात्र तिचं व्याज जास्त, आणि राहतं घरही तारण हवं. तिसरा मार्ग मालकांच्या थोरल्या बहिणीचा. "वरचे पैसे मी घालते, हप्ताही निम्मा भरते. घर दोघांचं," असं त्या म्हणत होत्या.

मालकांच्या मनात कंपनीच भरली. "वाटेकरी हवेत कशाला? हप्ता भाड्यातून आपोआप जाईल."

"आणि घर रिकामं राहिलं तर?"

"रिकामं कशाला राहील? पाटी तयार आहे की!"

माझं काम त्यांना कळलंच नव्हतं. मी दारावर लटकते तेव्हा भाडं बंद असतं, हो!

मालकीणबाईंनी कात्री खाली ठेवली. राहतं घर दोघांच्या नावावर होतं. "मी सही करणार नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "तिकडे भाडेकरू आला नाही, तर आपण कुणाचे भाडेकरू व्हायचं?"

मालक काही दिवस फुगून बसले. मग गुपचूप बहिणीला फोन केला, बँकेचं कर्ज घेतलं आणि घर झालं.

पहिला भाडेकरू लगेच मिळाला. मालक नुसते हवेत होते. पण वर्ष सरायच्या आत त्याची बदली झाली आणि मी खिळ्यावर चढले. माणसं मान वर करून मला वाचायची, अरुंद जिना बघायची आणि निघून जायची. उन्हानं माझा रंग विटला. हप्ता मात्र वेळच्या वेळी हजर. निम्मा बहीण भरायची; उरलेल्यासाठी मालकीणबाई गणवेशांची जास्तीची शिलाई घ्यायच्या. मालक माझ्याकडे न बघता खालून जायचे. मला त्यांची फार दया यायची.

एकदा मात्र ते बहिणीला घेऊन आले आणि रुमालानं माझी धूळ पुसली. "ताई," ते म्हणाले, "त्या कंपनीच्या नादी लागलो असतो, तर आज आमच्या राहत्या घरावर विक्रीची पाटी लागली असती."

"बायकोला सांगितलंस का हे?"

"सांगतो," ते पुटपुटले.

पुढे एक नर्स राहायला आली. तिचा दवाखाना जवळच, जिन्याची तिला तक्रार नाही. मी उतरले आणि पुन्हा मशीनशेजारी आले.

परवा मालकांचा एक ड्रायव्हर मित्र आला होता. राहतं घर तारण ठेवून दुसरं घ्यायचं त्याच्या डोक्यात होतं. "हप्ता काय, भाड्यातून जाईल!" तो म्हणाला. मालकांनी मला पुढे ओढलं. "आधी हिला विचार. आणि घरी वहिनींनाही विचार." मशीन क्षणभर थांबलं. मालकीणबाई खाली मान घालून हसत होत्या.

घर घेऊन भाड्याने देणाऱ्यांनो, माझं एवढंच ऐका. भाड्याचे महिने मोजाल तेव्हा माझेही महिने धरा. बाकी माझं छान चाललंय. मी जिला टेकून उभी आहे, ती भिंत अजून यांचीच आहे.