चांदीच्या टोकाची टोपी

“आज तुझा हात डोक्याकडे गेला ना, तर बघच!” पानिंगने नवऱ्याच्या टोपीची नाडी त्याच्या हनुवटीखाली करकचून बांधली. “कपितान त्यांच्या मुलासाठी आपली साबेल मागायला येतायत. आधी टोपी त्यांनी काढायची.”

लारियोने कशीबशी मान डोलावली. चाळीस वर्षं तो वेताच्या टोप्या विणत होता. कपितान मेलेसियो म्हणजे गावचे मुख्य. त्यांची चांदीच्या टोकाची टोपीसुद्धा त्याच्याच हातची. पण ती समोरून येताना दिसली, की त्याची स्वतःची ताडपानांची टोपी आपोआप खाली यायची. आजही तसंच झालं तर लेक सासरी जन्मभर मान खाली घालून वावरेल, हे पानिंगने त्याच्याकडून आठवडाभर घोकून घेतलं होतं.

कपितान आले. झिरझिरीत सदऱ्यावर आखूड काळं जाकीट, हातात छडी. मागे मुलगा, गोड वड्यांची टोपली घेऊन. चांदीचं टोक उन्हात लखलखलं आणि लारियोचा हात उठलाच.

जिन्यावरून पानिंग खाकरली.

हात कानापाशी थबकला. मग सरळ पुढे गेला. “थांबा कपितान, काठ उसवलाय की हा!” म्हणत त्याने टोपी त्यांच्या डोक्यावरून उतरवली.

कपितानांचं टक्कल कुंपणाशी जमलेल्या गावाने पहिल्यांदाच पाहिलं.

“अरे, मी मुलगी मागायला आलोय,” कपितान म्हणाले, “आणि तू माझी टोपीच घेतलीस?”

“ही घालून हिंडलात तर हसतील मला. तुम्हाला कोण हसणार?”

पडद्याआडून साबेल खुदकन हसली. तिच्या मागोमाग कपितानही, पोट धरून. “वर चल बाबा. हे जाकीट मीच काढतो, नाहीतर तेही घेशील!”

आल्याचा गरम काढा पीत पानिंगने लग्नाचं सगळं ठरवून टाकलं. लारियो कोपऱ्यात टोपीच्या काठात वेत ओवत होता; विचारलं की ‘हो’ म्हणत होता.

निघताना कपितानांनी टोपीसाठी हात पुढे केला.

“वेत ओला आहे. रविवारी न्या,” लारियो म्हणाला. बाहेर ऊन रणरणत होतं. त्याने हनुवटीखालची गाठ सोडली आणि आपली ताडपानांची टोपी त्यांच्या डोक्यावर ठेवली. पानिंगने कपाळावर हात मारला. पण हसू काही तिला लपवता आलं नाही.

जाकीट मुलाच्या हातात, छडी काखेत, अशी कपितानांची स्वारी गल्लीतून निघाली. समोरून कावड घेऊन आलेला मासेवाला ताडपानांची टोपी बघून ओरडला, “सरक की रे बाजूला!” कपितान सरकले. आणि त्यांचा हात आपसूक टोपीकडे गेला.

जिन्याच्या पायरीवर उघड्या डोक्याने बसलेल्या लारियोने ओल्या काठावरून अंगठा फिरवला. टाका बरोबर बसला होता.