माझ्या भरवशावर माणूस टाकू नका

मी हवेची गादी बोलतेय. माझ्या पोटात आडव्या नळ्या आहेत. पलंगाच्या पायथ्याशी लटकवलेला पंप एक नळी भरतो, शेजारची रिकामी करतो, मग उलट. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या एकाच जागेवर सतत भार पडू नये, कातडी मरू नये, एवढ्यासाठी माझा जन्म.

मला एका लेकीनं या शुश्रूषागृहात आणलं, आपल्या आईसाठी. आई पूर्वी बसमध्ये कंडक्टर. डावी बाजू लुळी पडलेली, जीभ मात्र शाबूत. सुरुवातीला इथल्या कामाच्या दोघी मावश्या तिला वेळच्या वेळी कुशीवर वळवायच्या. ती ओरडायची, "चला, पुढे सरका, पुढे जागा आहे!" सगळी खोली हसायची.

मग थोरली मावशी म्हणाली, "हवेची गादी आलीय आता. आपोआप होतंय सगळं. आपली कंबर वाचली."

त्यांची कंबर दुखायची हे काही खोटं नव्हतं. अख्ख्या मजल्यावरची माणसं दोघीच उचलायच्या. पण बायांनो, मी भार हलवते, माणूस वळवत नाही. ओलं कोरडं करत नाही. कातडी बघायला मला डोळे नाहीत. तरी वळवणं बंद झालं ते झालंच.

लेकीनं तर कडीच केली. "प्लास्टिक गार लागत असेल हो आईला," म्हणत माझ्यावर जाड दुलई अंथरली, तीही दुहेरी. मायेनंच. खाली मी फुगते, ओसरते, आणि वर तिला काही पोचतच नाही.

"माकडहाडापाशी जळतंय गं," कंडक्टरबाई एकदा म्हणाली.

"अहो, राजेशाही गादी तुमची! आम्हाला धड चटई नाही," थोरली मावशी म्हणाली.

"मग ये, जागा बदलू. तिकीट नाही फाडत तुझं."

दोघी हसल्या. बघितलं कुणीच नाही.

वास सुटला तेव्हा कुठे तिला वळवून पाहिलं. खड्डा पडला होता. ड्रेसिंगवाल्या सिस्टर तडकल्या, "जळतंय म्हणाली तेव्हा नुसता लाल डाग असेल. कुशीवर ठेवलं असतं, कोरडं ठेवलं असतं, तर मावळला असता. गादी काय नर्स आहे?"

मग सगळं सुरू झालं. दुलई गेली, जखम धुणं, मेलेलं मांस काढणं, पट्टी, अंडं, दूध, वेळच्या वेळी वळवणं. आता वळवताना कंडक्टरबाई नुसते ओठ चावायची. जखमेतलं विष रक्तात उतरलं. तापातच गेली.

लेक माझ्यावर हात ठेवून रडली. "सगळ्यात चांगली बघून आणली होती हो मी."

मला औषधाच्या पाण्यानं पुसलं आणि शेजारच्या खोलीत घातलं. आता माझ्यावर एक सुतारकाका आहेत. त्यांची वाचा गेलीय. सकाळी नव्या मावशीनं पंप चालू केला, चादर ताणली, "आता काय चिंता नाही काका," म्हणाली आणि दार लोटून गेली. जेवणं झाली, चहा झाला, ती फिरकली नाही. त्यांच्या टाचा माझ्यात रुतल्यात. कंबरेखाली ओलं आहे. मला घरघरण्यापलीकडे आवाज नाही, त्यांना तेवढाही नाही. कुणीतरी या गं. चादर उचला आणि बघा.