मोकळेपणाचा साहेब

माझ्या थोरल्याला हल्ली घरात सरळ बोलता येत नाही. कंपनीनं त्याला कल्चर बदलायच्या कामावर बसवल्यापासून तो चहा मागत नाही, चहाबद्दल माझं मत काय ते विचारतो. हजारो माणसांना वळण लावायला निघालाय. स्वतःचा ओला टॉवेल पलंगावरून उचलायचं वळण मला त्याला आजवर लावता आलेलं नाही.

नव्या कल्चरचा पाया म्हणे मोकळेपणा. कुणी कुणापासून काही लपवायचं नाही, म्हणून साहेबांच्या खोल्यांची दारंसुद्धा काढून टाकली. तेव्हापासून काही महत्त्वाचं बोलायचं असलं की साहेबलोक जिन्यात जाऊन कुजबुजतात. हे मला सूनबाईनं सांगितलं. तीही त्याच कंपनीत आहे, दुसऱ्या विभागात.

परवा हा घरून काम करत होता. जेवणाच्या टेबलावर भाषणाची तालीम चालली होती, समोर मी भाजी निवडत होते. म्हातारीला काय कळतंय, म्हणून आवाज मोकळा सोडलेला. आधी नवी दिशा आली, मग चपळ कंपनी, आणि मग बंद होणाऱ्या विभागांची नावं. त्यात सूनबाईचा विभाग.

तिला माहीत आहे का, मी विचारलं. नाही म्हणाला. बातमी सगळ्यांना एकाच वेळी द्यायची, सोमवारी, सभेत, असा नियम त्यानंच केलाय. बायकोला आधी सांगितलं तर पक्षपात होतो.

आता खरी गोम अशी, की सूनबाईला दुसऱ्या कंपनीनं बोलावलं होतं आणि त्याच संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचं होतं. हाताखालची माणसं अर्ध्यावर सोडवेनात, म्हणून ती नाही म्हणणार होती. आदल्या दिवशी जेवताना तिनं ह्यालाच विचारलं, काय करू? तर ह्यानं तिला निर्णयाचं स्वातंत्र्य दिलं, आणि वर भात वाढून घेतला.

संध्याकाळी ती फोन घेऊन बाहेर आली, नकार कळवते म्हणाली. मी ह्याच्याकडे पाहिलं. हा लॅपटॉपात तोंड खुपसून बसलेला.

"अगं, होकार कळव," मी म्हणाले. "तुझा विभाग बंद होतोय. हा सोमवारी सांगणार आहे."

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं मान वर केली नाही, तेवढं तिला पुरलं. ती गॅलरीत गेली, दार ओढून घेतलं आणि फोनवर हो म्हणून आली. येताना त्याच्याकडे न बघता खोलीत गेली.

मग ह्याला वाचा फुटली. मी विश्वास मोडला, त्याची नोकरी धोक्यात आणली, अशानं कंपन्या चालत नाहीत.

"तुझी नोकरी गेली तर बायको पोसेल, तेवढी ती हुशार आहे," मी म्हणाले. "पण तिनं विचारलं होतं नवऱ्याला, आणि उत्तर दिलं साहेबानं. साहेबाला या घरात खोली नाही. आज सोफ्यावर झोप. ती हाक मारेल तेव्हा आत जा, आणि नवरा होऊन जा."