उरलेलं एक चाक

गाडी कित्येक महिने मिस्त्रीच्या गॅरेजात लोखंडी घोड्यांवर उभी होती, चाकं अधांतरी. जुनी, लांबलचक, युरोपातली. आत अक्रोडाच्या लाकडाची पट्टी, कातड्याच्या सीटा, आणि दार लावलं की तिजोरी लागल्यासारखा आवाज. मिस्त्रीची बायको तिला बाईसाहेब म्हणायची. "हिचं जरा काही दुखलं की औषध परदेशातून. आमचं दुखलं तर कोपऱ्यावरचा कंपाउंडर." हे ती हसत म्हणायची. पुढे तिचंच दुखणं निघालं, आणि ते कोपऱ्यावरच्याच्या काय, कोणाच्याच हातात राहिलं नाही.

तेव्हापासून कोणी गाडीचं विचारलं की मिस्त्री एकच सांगे, "एक चाक राहिलंय." गाडीचा मालक दातांचा डॉक्टर. भला माणूस, त्याने विचारणं सोडून दिलं. मुलीने मात्र सोडलं नाही. गाडी गेली की गॅरेजला कुलूप लावून तुमच्याकडे राहायला येतो, असा शब्द मिस्त्रीनेच तिला दिला होता. गाडी काही जाईना. शेवटी एका रविवारी तिने नवऱ्यालाच धाडलं.

जावई औषधाच्या दुकानात बसणारा. आपल्या लहानशा गाडीतून आला. इस्त्रीचा शर्ट, स्वच्छ नखं.

"बाबा, मला सांगा काय करायचं. मला मोटारीत पेट्रोल कुठून भरतात एवढंच माहीत आहे."

"तेवढं पुष्कळ झालं, जावईबापू. पायाचं काम आहे, डोक्याचं नाही."

"मग माणूस बरोबर निवडलाय तुमच्या मुलीने."

काम होतं ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायचं. तेलात हवा शिरली की पेडल लोण्यात पाय घातल्यासारखं खाली जातं. ती काढायला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने खाली पडून चाकामागचं निपल, म्हणजे हवा सोडायची बारकी तोटी, जरा सैल करायचं. हवा बाहेर येते. निपल परत आवळलं की मगच वरच्याने पाय सोडायचा. आधी सोडला तर बाहेरची हवा आत ओढली जाते.

मिस्त्री आणि त्याची बायको हे काम इतकी वर्षं करत आले होते की बोलणं झिजून झिजून दोन-तीन शब्दांवर आलं होतं. तो खालून विचारायचा, "आहेस?" ती वरून म्हणायची, "आहे." म्हणजे पेडल धरलंय, उघड. मग तो "सोड" म्हणायचा आणि ती सोडायची. बॉनेटखालच्या बाटलीतलं तेल कमी झालं की तीच उतरून भरायची. तिला कधी सांगावं लागलं नाही.

जावई सीटवर बसायला गेला तर गुडघे स्टिअरिंगला अडकले. सीट पार पुढे ओढलेली, पाठीला बारकी उशी. मिस्त्रीची बायको बुटकी, उशीशिवाय तिचा पाय पुरत नसे.

"सीट मागे घेऊ का?"

मिस्त्री पान्यांच्या पेटीत काहीतरी शोधत राहिला. "नको. बसा तसेच."

"बाबा, असा बसलो तर संध्याकाळी मलाच घोडीवर चढवावं लागेल."

मिस्त्रीला हसू आलं नाही. पण त्याने येऊन खटका दाबला, सीट मागे सरकवली आणि उशी शेजारच्या सीटवर ठेवली. मग कण्हत खाली शिरला.

"दाबा."

"दाबलं."

"धरा. हां, सोडा."

सुरुवात ठीक झाली. निपलला लावलेल्या पारदर्शक नळीतले बुडबुडे कमी होत गेले. जमीन गार होती, पाठ भरून आली होती. तेलाचा वास ओळखीचा, वर सीटच्या स्प्रिंगची कुरकुर ओळखीची. हात आपोआप चालायला लागले, आणि हातांमागून तोंडही.

"आहेस?" मिस्त्री म्हणाला.

लग्न झाल्यापासून सासऱ्याने जावयाला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. तुम्ही, बसा, जेवा. त्यामुळे हा प्रश्न आपल्याला आहे असं त्याच्या मनातही आलं नाही. दारात कोणी ओळखीचं आलं असेल म्हणून तो बाहेर वाकला.

"कोण आहे?"

खाली मिस्त्रीला तेवढं शेवटचं ऐकू आलं, "आहे," आणि त्याने निपल उघडलं. वाकताना जावयाचा पाय पेडलवरून सुटला होता.

"पाय, पाय," मिस्त्री खालून म्हणाला. जावयाने घाबरून पाय मारला. चूक भरून काढावी म्हणून धडाधड मारतच राहिला. मिस्त्रीने चाचपडत निपल आवळेपर्यंत जमिनीवर तेलाचं थारोळं झालं होतं. बाहेर येऊन त्याने बॉनेटखाली पाहिलं. बाटली कोरडी. आधीच तळाला गेली होती. बाटलीकडे बघायची त्याला सवयच नव्हती.

"फार बिघडलं का?"

"रिकाम्या बाटलीतून चारही नळ्यांत हवा गेली. आता पहिल्यापासून."

"म्हणजे ती तीन झालेली चाकं पण?"

"ती पण."

मिस्त्री जवळच्या टायरवर बसला. जावई उतरून समोर उभा राहिला. "चूक माझीच. पण बाबा, तुम्ही 'आहेस' कोणाला म्हणालात?" तोंडातून गेल्यावर त्याला उमगलं, आणि त्याने जीभ चावली.

मिस्त्री चिंधीने हात पुसत होता. हात पुसून झाले तरी पुसत होता.

"ती तीन चाकं तिच्या पायाची होती," तो म्हणाला. "लोकांना सांगायचो चौथं राहिलंय. राहिलं नव्हतं. ठेवलं होतं."

जावयाने शर्ट काढून खिळ्याला अडकवला. तेलाचा डबा उचलला, बाटली काठोकाठ भरली, परत वाकून पाहिली.

"कुठल्या चाकापासून?"

"मागचं. सगळ्यात लांबचं."

मिस्त्री पुन्हा खाली गेला. या वेळी दोघंही जपून बोलत होते, दवाखान्यात बोलतात तसं. दाबा, धरा, सोडा. तिसऱ्या चाकापाशी मिस्त्रीने पाना लावला आणि तो थांबला. तोंडापर्यंत तोच शब्द आला होता. तो गिळता येईना आणि दुसरा सुचेना. वर सीटची स्प्रिंग कुरकुरली.

"आहे," वरून जावई म्हणाला. कोणी विचारलं नव्हतं.

मिस्त्रीने निपल उघडलं. दोन बुडबुडे आले, मग स्वच्छ तेल. त्याने निपल आवळलं.

"सोड," तो म्हणाला.

चौथं चाकही तसंच झालं. घोड्या काढून गाडी जमिनीवर उतरवली. मिस्त्रीने ती फाटकापर्यंत नेली आणि ब्रेक दाबला. बाईसाहेब जागच्या जागी थांबल्या, मान न झुकवता. तो तसाच थोडा वेळ आत बसून राहिला. मग गाडी मागे घेऊन डॉक्टरला फोन केला, सकाळी येऊन घेऊन जा म्हणून.

जावई साबणाने कोपरापर्यंत हात घासत होता. "मग बाबा, घरी काय सांगू? अजून एक चाक राहिलंय?"

मिस्त्रीने सीटवरची उशी उचलली आणि दोन थापा मारून तिची धूळ झटकली.

"ही गाडीत टाक."

"कुठल्या?"

"तुझ्या."