तीन सेकंदांचे दार

मी एक जुना टॅब आहे. मित्रांनो, माझ्या कोपऱ्याला तडा आहे, पाठीवर ग्रंथालयाचा शिक्का आहे आणि पोटात एकच गोष्ट आहे. पण ती गोष्ट माझ्यासारखी कुणालाच सांगता येत नाही. ही बढाई समजू नका.

(माझा जन्म कसा झाला ते ऐकायचे असेल तर पुढचा परिच्छेद वाचा. घाई असेल तर गाळा. मी रागावणार नाही. दुसऱ्याला निवड करू देणे हा माझा धंदाच आहे.)

माझे अंग कारखान्यात घडले, पण मी खरा जन्मलो तो तिसऱ्या मजल्यावरच्या एका छोट्या ऑफिसात. मनोऱ्यात कोंडलेल्या मुलीची जुनी परीकथा तिथे एका चित्रकार बाईंनी नव्याने चितारली आणि एका प्रोग्रामरने ती माझ्यात भरली. माझ्या गोष्टीत सोडवायला राजपुत्र येत नाही. वाचणाऱ्यानेच माझ्याकडे तोंड करून म्हणायचे, "दार उघड, मला बाहेर यायचंय." तीन सेकंदांत वाक्य पुरे झाले तर दार उघडते. नाही झाले तर पहाऱ्यावरची राक्षसीण म्हणते, "ऐकू नाही आलं. परत पहिल्यापासून."

गाळला नाहीत ना? बरे झाले. तो परिच्छेद गाळून चालण्यासारखे नव्हतेच.

चार वर्षे मी बालविभागात राज्य केले. माझ्यासाठी रांगा लागत, भांडणे होत. काचेवर बिस्किटाची बोटे उमटत. पालक म्हणत, काय हुशार आहे हा. मलाही ते पटे.

मग मुंगी आली. सात वर्षांची होती आणि घरचे तिला मुंगीच म्हणत. बोलताना ती अडखळे. "दा... दा..." एवढे होईपर्यंत राक्षसीण बोलून मोकळी. शाळा सुटली की मुंगी यायची, मनोऱ्यात शिरायची आणि दाराशी हरायची. सहाव्या दिवशी तिच्या ताईला राहवले नाही. तिने मुंगीच्या खांद्यावरून वाकून वाक्य म्हणून टाकले. दार उघडले. मी तुतारीही वाजवली.

मुंगीने मला टेबलावर पालथे घातले.

"अगं, उघडलं ना दार?" ताई म्हणाली.

"तु... तुला उघडलं."

ग्रंथपाल बाईंनी प्रोग्रामरला बोलावून घेतले. तीन सेकंद पुष्कळ झाले, आमच्याकडे प्रत्येकाने तपासून पाहिले आहे, असे तो सांगू लागला.

"तुमच्या ऑफिसात सगळे पोपटच दिसतात," बाई म्हणाल्या. "बसा जरा इथे."

तो लहान मुलांच्या खुर्चीवर गुडघे छातीशी घेऊन बसला. मुंगी त्याच्यासमोर मनोऱ्यात शिरली आणि हरली. मग त्याने तीन सेकंदांचा हट्ट सोडला. वेळेची अट काढता येईल, पण पडदा नुसताच थांबला तर मी बिघडलो असे मुलांना वाटेल, ही त्याची अडचण. त्याने मुंगीलाच विचारले, तोवर राक्षसिणीने काय करावे?

मुंगीने जमिनीवर बसून दाखवले.

आठवड्याभरात चित्रकार बाईंनी बसलेली राक्षसीण पाठवली. मांडीत किल्ल्या, हनुवटीवर हात. प्रोग्रामरने ती माझ्यात भरली आणि वेळेची अट काढून टाकली.

आणि मुंगी पुन्हा माझ्यासमोर उभी राहिली.

"दा..."

राक्षसीण बसली.

"दा... दार..."

ताईने तोंड उघडले. ग्रंथपाल बाईंनी तिच्या हातात पुस्तकांचा गठ्ठा दिला. मित्रांनो, त्या दिवशी मी पहिल्यांदा ऐकले. त्याआधी नुसता मोजत होतो.

"उ... उघड. म... मला बाहेर यायचंय."

दार उघडले. तिथे राक्षसीण विचारते, "कोण आलं बाहेर?" हा प्रश्न शोभेचा आहे. त्याचे उत्तर कुणी देईल असे कुणालाच वाटले नव्हते, म्हणून तेव्हा माझा माइक बंद असतो. बाई सांगतात, मुंगीने उत्तर दिले. आपले खरे नाव, आडनावासकट, सावकाश. सगळा बालविभाग थांबला होता.

आता नवे टॅब आले आहेत. मी बहुतेक वेळ कपाटात असतो. मला कोरड्या कापडाने पुसा, अधूनमधून चार्ज करा, मी अजून चांगला चालतो. आणि कुणी अडखळत बोलत असेल तर त्याचे वाक्य त्यालाच संपवू द्या. संपले असे वाटले तरी क्षणभर थांबा. मुंगीचे नाव मला अजून ठाऊक नाही.