डाव्या चाकामागची रेघ

गॅरेजचं दार उघडता उघडताच गाडीचे मालक, दोघा भावांतले थोरले, म्हणाले, "बाई, तपासायचंय काय त्यात? कारखान्यातून अश्शीच आली आहे."

सगळे हेच म्हणतात. जुन्या शर्यतीच्या गाड्यांचे पत्रे तपासणं हा माझा धंदा. या धंद्यात मी इतक्या थापा पचवल्यात की कुणी नुसतं "या, बसा" म्हटलं तरी मला संशय येतो. साध्या गाडीवर भारी पत्रा चढवायचा, जुना रंग फासायचा आणि छाती काढून मिरवायचं. वर कोट घातलेले जाणकार येतात, बोनेटवर बोट वाजवून "वा" म्हणतात. पत्र्याखाली सरपटायला सांगा, लगेच त्यांची कंबर धरते.

थोरल्यांनी आयुष्य जहाजावर काढलेलं. आता छातीचं दुखणं. गाडी संग्रहालयात उभी राहावी, खाली घराण्याचं नाव लागावं, आणि हे सगळं आपल्या डोळ्यांदेखत व्हावं, एवढीच त्यांची इच्छा उरली होती. संग्रहालयाची अट एकच होती : पत्रा कारखान्याचाच हवा. ते ठरवायला मी आले होते.

गॅरेजच्या कोपऱ्यात त्यांचे धाकटे भाऊ पालथ्या डब्यावर बसले होते. जन्मभर पत्र्याची पिंपं आणि धुराडी ठोकलेला माणूस. मला बघून त्यांनी मान खाली घातली ती वर केलीच नाही.

"लाजतो तो," थोरल्यांच्या बायको, वहिनी, म्हणाल्या. मग चादरीखालच्या गाडीकडे बोट केलं. "आणि ही माझी सवत. घराला रंग नसला तरी चालेल, हिला पॉलिश हवं."

थोरल्यांनी गाडीवरची चादर ओढली. अ‍ॅल्युमिनियमचा हलका पत्रा, जमिनीला टेकलेलं नाक, कापल्यासारखी आखूड शेपूट. अशा मोजक्याच गाड्या निघाल्या होत्या. खिडकीतला उजेड छपरावरून घरंगळत मागे गेला आणि कुठेही अडला नाही. एवढ्या मोठ्या अंगावर कुठे हातोडीची खूण दिसेल तर शपथ.

मी कामाला लागले. सांगाड्यावरचा नंबर खरा. इंजिन खरं. पत्र्याची जाडी, सांध्यांचं वेल्डिंग, सगळं जिथल्या तिथे. थोरले माझ्या मागे मागे, निकालाच्या दिवशी पोरं फिरतात तसे.

शेवटची खूण राहिली होती. हे पत्रे कारखान्यात एका लाकडी साच्यावर ठोकत, आणि तो साचा डाव्या मागच्या चाकापाशी तडकलेला होता. कुणी बदलला नाही. पत्रा त्या फटीत किंचित बसायचा, म्हणून अशा प्रत्येक गाडीला आतून केसाएवढी उठलेली रेघ असते. बाहेरून ती घासून पुसलेली. ही गोष्ट आम्हा दोन-चार जणांनाच ठाऊक आहे, आणि आम्ही ती कुणाजवळ बोलत नाही.

चाक काढलं, खाली सरकले, आरसा धरला.

रेघ होती.

"अस्सल!" असं ओरडणारच होते. सवयीने रेघेवरून नख फिरवलं. नख अडखळलं.

साच्यावरची रेघ सलग असते. ही टिंबाला टिंब लावून काढलेली होती. एकेक टिंब म्हणजे एकेक ठोका. मी टॉर्च आडवी धरून आतला सगळा पत्रा बघत गेले. हा पत्रा साच्यावर बसलाच नव्हता. कुणीतरी तो डोळ्याच्या मापाने घडवला होता, नाकापासून शेपटीपर्यंत, एकट्याने. ठोका सगळीकडे एकाच मनगटाचा. मला तिथून बाहेरच यावंसं वाटेना.

शेवटी आले. थोरल्यांच्या तोंडाकडे बघून खोटं बोलावंसं वाटलं, पण ते मला जमत नाही.

"पत्रा कारखान्याचा नाही."

"काय बोलताय! मी स्वतः चालवत घरी आणली!"

"तेव्हा असेल. आता अंगावर आहे तो नाही."

थोरले छातीवर हात ठेवून बाकावर बसले. तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला.

"माझ्या हातून ठोकली गेली होती, दादा. तू जहाजावर होतास. किल्ली खुंटीला होती. वळणावर झाड आलं."

"झाड आलं?" वहिनी म्हणाल्या. "चालत आलं का?"

"मग तो फुटका पत्रा समोर ठेवून नवा केला. तू यायच्या आत."

"अगंबाई, म्हणून तेव्हा दिवसभर ठोकाठोक! मी म्हणते, पिंपांना एवढं गिऱ्हाईक कुठून आलं!"

मला राहवेना. "आणि चाकामागची ती रेघ? ती कशाला काढलीत?"

"जुन्याला होती."

"अहो, ती कारखान्याची चूक होती!"

"असेल. मला काय ठाऊक, चूक की कारागिरी? जुन्याला होती, म्हणून काढली."

"कुठाय तो जुना?"

त्यांनी हळूच वहिनींकडे बघितलं. "खुराड्यावर."

आम्ही मागच्या अंगणात गेलो. कोंबड्यांनी शिव्या घातल्या, तरी मी आत डोकं घातलं. वरचा पत्रा चेपलेला, खिळे मारलेला, बाहेरून शेणामातीने माखलेला. आतून रेघ होती. नख सर्रकन सरकलं. इतकी वर्षं कारखान्याची अस्सल कारागिरी कोंबड्यांना ऊन लागू देत नव्हती.

परत आलो तर थोरले बाकावर नव्हते. गाडीखालून त्यांच्या चपला तेवढ्या दिसत होत्या. माझी टॉर्च आत हलत होती.

"अहो, छातीचं बघा!" वहिनी ओरडल्या.

"धाकट्या."

"हं, दादा."

"हे सगळं नुसत्या हाताने?"

"हातोडी होती की."

"गाढवा! येईल त्याला दारात उभं करून मी कारखान्याची तारीफ ऐकवली. एकदा तरी तोंड उघडायचंस!"

धाकटे डब्यावर जरा सावरून बसले. "तू तारीफ करायचास ना, तेव्हा मी इथेच असायचो."

टॉर्च थांबली. मग पुन्हा हलायला लागली, हळूहळू, बोटभर बोटभर पुढे.

"बाई," गाडीखालून हाक आली, "संग्रहालयाला कारखान्याचा अस्सल पत्रा हवाय ना?"

"हो. तीच अट आहे."

"मग खुराडं न्या म्हणावं. गाडी मिळायची नाही."

"आणि माझ्या कोंबड्या?" वहिनी म्हणाल्या. "बरं, या आता बाहेर. संपलं ना बघून?"

"थांब गं. अजून डावी बाजूच चाललीये."